इंजिनच्या तक्रारी: पुण्यातले गाडीवाले मला नेहमी विचारतात ते प्रश्न

सिंहगड रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत माझं गॅरेज आहे. दिवसभरात जे फोन येतात त्यातले निम्मे प्रश्न तेच ते असतात. हाताला ऑइल लागलेलं असताना फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे उतरवायला आलेल्या बहुतेक इंजिनांनी मालकाला आधी कळवलेलं होतं. कधी काट्याने, कधी दिव्याने, कधी वासाने किंवा आवाजाने. मूळ बिघाड दोन-तीनशे रुपयांच्या होज पाइपाचा असतो. तो दिसल्यावरही "घर जवळच आहे" म्हणून दहा मिनिटं गाडी रेटली की खर्च लाखाच्या घरात जातो. म्हणून कुठल्या तक्रारीत गाडी चालवत आणायची आणि कुठल्या तक्रारीत जागच्या जागी बंद करायची, ते मी मुद्दाम ठळकपणे सांगितलंय.

सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक' होतं. बॅटरी गेली का?

बहुतेक वेळा हो, पण नवी बॅटरी आणायला निघण्याआधी एवढं करून बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट लावलेले. आता सेल्फ मारा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा. उजेड एकदम मंदावला किंवा विझला तर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, पुरेसा करंट मिळत नाही. उजेड जसाच्या तसा राहिला आणि एकच 'टक' आला तर संशय सेल्फवर. ओळीने 'टकटकटक' येत असेल तर बॅटरी उतरलेली आहे.

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. बोनेट उघडून टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल तर दोष तिथेच असू शकतो. आधी मायनस काढा, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, आधी प्लस आणि मग मायनस घट्ट बसवा, वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवी. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळत असेल आणि बॅटरीला चार वर्षं झाली असतील तर ती बदलाच.

दुसऱ्या गाडीवरून जंपर लावणार असाल तर क्रम महत्त्वाचा. लाल वायर प्लसला प्लस. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हा नियम. ऑटोमॅटिक गाडीला सोसायटीतल्या चार जणांना बोलावून धक्का मारण्याचा उपयोग नाही.

नवी बॅटरी टाकून पंधरा दिवस झाले, पुन्हा बसली. दुकानदाराने फसवलं?

आधी अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा भाग, तपासा. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा कमी-जास्त करतो, पण १३ च्या खालीच अडकला असेल तर चार्जिंग होत नाहीये. चार्जिंग ठीक असेल तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय: कायम जोडलेला डॅशकॅम, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, डिक्कीतला न विझणारा दिवा.

तिसरं कारण घरून काम सुरू झाल्यापासून फार वाढलंय. गाडी आठवडाभर उभी आणि रविवारी मंडईपर्यंत जाऊन परत. एवढ्याशा फेरीत सेल्फने खाल्लेलं सुद्धा भरून निघत नाही. पार्किंगमध्ये पाच मिनिटं नुसती चालू ठेवूनही फारसं काही होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर काढा.

सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही.

मग बॅटरीला दोष देऊ नका. इंधन, ठिणगी किंवा वायरिंग यांपैकी काहीतरी पोचत नाहीये. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक 'झूं' येतं का ऐका, तो पेट्रोल पंपाचा आवाज. येत नसेल तर फ्यूज, रिले किंवा पंप. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी लावून बघा. सतत सेल्फ मारत बसू नका. दहा सेकंद मारला की निदान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फही जळतो.

हे सगळं ठीक असेल तर बोनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा. पुढचा प्रश्न त्याचाच.

उंदीर वायर खातात. खरंच काही उपाय आहे का?

पुण्यात हा प्रश्न विनोदाचा राहिलेला नाही. जुन्या वाड्यांच्या भागात तर आहेच, पण ओढ्याकाठच्या आणि नव्या बांधकामांशेजारच्या सोसायट्यांमध्येही घुशी-उंदरांनी हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडलेल्या गाड्या माझ्याकडे सारख्या येतात. इंजिनची ऊब आणि बोनेटखालचा मऊ कापूस त्यांना घरट्याला आवडतो. वायर तुटली तर गाडी बंद पडते, ते परवडलं. पण ते रबरी इंधन-पाइपही खातात. बोनेटपाशी पेट्रोलचा वास आला तर गाडी अजिबात सुरू करू नका, आग लागू शकते.

तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या, फवारे यांचा गुण आठवडाभर टिकतो. गोळ्यांचा वास तर एसीतून आत येतो आणि डोकं दुखतं. माझ्या अनुभवात उपयोगी पडलेल्या गोष्टी तीनच: कचऱ्याच्या डब्यापासून आणि कुंड्यांपासून गाडी लांब लावणं, एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवणं, आणि गाडी रोज हलवणं. मांजरांना किंवा कुत्र्यांना गाडीजवळ खायला घालणारे शेजारी असतील तर त्यांच्याशी प्रेमाने बोला. उरलेलं अन्न उंदरांना बोलावतं.

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात टेंपरेचरचा काटा वर गेला. काय करायला हवं होतं?

घाटाच्या जुन्या रस्त्याने पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चढ आपल्या वाट्याला येतो. त्यामुळे कूलिंगमध्ये काही कमी असेल तर ते खंबाटकीतच उघडं पडतं. एप्रिल-मे, एसी चालू, पाच माणसं, डिक्की भरलेली आणि पुढे ट्रक.

काटा नेहमीच्या जागेपासून सरकायला लागला की लगेच एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात लावा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची उष्णता तो बाहेर काढतो. खालच्या गिअरवर या, म्हणजे वॉटर पंप जोरात फिरेल. एवढ्याने काटा उतरला तर पुढच्या थांब्यापर्यंत सावकाश जा. काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा बोनेटमधून वाफ निघाली तर सुरक्षित कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. तिथून एक किलोमीटरही नाही.

आता जे करायचं नाही ते. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. भाजलेले हात आणि चेहरे मी पाहिलेत. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज हाताला सोसवेल एवढा निवू द्या. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकडं होतं किंवा तडकतं.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कूलंट पूर्ण वाहून गेलं तर सेन्सर रिकाम्या हवेत राहतो आणि काटा चक्क खाली उतरलेला दिसू शकतो. भोरच्या एका काकांची गाडी अशीच गेली. काटा खाली आला म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि शिरवळला पोचेपर्यंत इंजिन जाम. गोडसर वास, ताकद कमी होणं आणि हीटरमधून अचानक गार हवा येणं या तीन खुणा काट्यापेक्षा जास्त खऱ्या.

गॅरेजमध्ये आल्यावर आम्ही शोधतो ते असं. महामार्गावर ठीक पण विद्यापीठ चौकातल्या गर्दीत तापते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले किंवा मोटर. गर्दीत ठीक पण घाटात तापते, तर चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. कूलंट कमी होतंय पण खाली एक थेंब दिसत नाही, तर हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची सील. त्यासाठी कूलंटच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करतात, ज्वलनाचा वायू आला की द्रव पिवळा पडतो. दहा मिनिटांचं काम आहे. हेड उतरवण्याआधी ही चाचणी करायला सांगा.

मेकॅनिक म्हणाला थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको. काढावा का?

नाही. हा सल्ला पूर्वीच्या ॲम्बेसेडर-जीपच्या काळातला आहे आणि तेव्हाही तो फारसा बरोबर नव्हता. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून कूलंट अडवून धरतो. तो काढला की इंजिन कायम अर्धवट गार राहतं. संगणकाला वाटतं अजून सकाळच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं, रिंगा झिजतात. नवा थर्मोस्टॅट बसवा.

कूलंटऐवजी साधं पाणी चालतं का?

रस्त्यात अडकलात तर हो, बिसलेरीसुद्धा चालेल. कायमचं नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत त्याचा क्षार किटलीसारखा बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे, किंवा तयार मिसळलेलं घ्या. रंगावरून प्रकार ओळखू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच प्रकार घ्या, दोन वेगळे एकत्र केले तर कधीकधी आत जेलीसारखा गाळ होतो.

सायलेन्सरमधून धूर येतो. रंगावरून काय समजायचं?

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्यांदा भपकन येऊन थांबत असेल तर वाल्व्हची ऑइल सील. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सतत येत असेल तर रिंग-बोअर (पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत) झिजलंय, किंवा टर्बो असेल तर टर्बो.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. एअर फिल्टर बघा, मग इंधन फवारणारे नोझल, मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व्ह). पांढरा दाट धूर, इंजिन तापल्यावरही थांबत नाही आणि गोडसर वास येतो, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर खात्री झाली. गाडी टो करून आणा.

थंडीत पहाटे पर्वतीवर फिरायला जाताना सायलेन्सरमधून पातळ पांढरी वाफ येते आणि पाण्याचे थेंब पडतात. त्याची काळजी करू नका.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. चालवू की थांबू?

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत या. दिवा लुकलुकत असेल आणि गाडी थरथरत असेल तर कडेला घ्या. लुकलुकणं म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये, ते तसंच धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर वितळला की हजारोंचा फटका, आणि मूळ दोष बहुधा प्लगला वीज देणाऱ्या एका कॉइलचा असतो.

स्टिअरिंगच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट असतो, गाडीचा संगणक नोंदवतो ते दोषांचे कोड तिथून वाचायचे. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल ॲप एवढ्यावर कोड वाचता येतो. तो घ्या, मी मनापासून सांगतो. तुमच्या गाडीबद्दल तुम्हालाच आधी कळलं तर गॅरेजवाल्याशी बोलणं सोपं जातं.

पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे इंधन नीट न जळणं. प्लग, कॉइल, नोझल किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कुणामुळे, ते कोड सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त: फाटका होज, मळलेला एअर-फ्लो सेन्सर किंवा थकलेला पंप. पी०१२८ आला तर बहुतेक थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. पी०४२० कन्व्हर्टरकडे बोट दाखवतो, पण सायलेन्सरची गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड आणतात. कोड बघून थेट महागडा भाग बदलायला निघालेल्या माणसाला विचारा, "याआधी काय काय तपासलं?"

बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका. दिवा जातो आणि त्याच्यासोबत दोष कधी, किती आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) आला ही नोंदही जाते.

गाडी मिसिंग मारते, पिकअप घेत नाही.

पेट्रोल गाडीत प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर एक सोपी युक्ती आहे. समजा कोड पहिल्या सिलिंडरचा आहे. इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, एक फेरी मारा. आता कोड दुसऱ्याचा आला तर कॉइल गेलेली. पहिल्याचाच राहिला तर तसाच प्लग बदलून बघा. साधे निकेलचे प्लग साधारण तीस हजार किलोमीटरपर्यंत, इरिडियमचे लाखाच्या आसपास चालतात. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरची सील गळतेय. ती आधी बदला, नाहीतर नवी कॉइलही जाईल.

आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, अशी तक्रार असेल तर इंजिनला हात लावू देऊ नका. क्लच प्लेट घसरतेय.

सिग्नलला उभी राहिली की आरपीएम नाचतो, कधी बंदही पडते.

थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी. फवाऱ्याने साफ करून संगणकाला आयडल (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) पुन्हा शिकवला की बहुतेक गाड्या सुधारतात. नाहीच सुधारली तर कुठेतरी हवा ओढणारा होज फाटलाय. गाडी आयडलला असताना 'सूं' असा आवाज कुठून येतो ते ऐका.

ॲव्हरेज फार पडलं. इ२० पेट्रोलमुळे का?

थोडंसं हो. इ२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे वीस टक्के मिश्रणात साधारण सहा-सात टक्के घट हिशेबानेच येते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी हाच आकडा दिलाय. म्हणजे पंधरा देणारी गाडी चौदावर येईल. ती अकरावर आली असेल तर दोष दुसरीकडे शोधा: टायरची हवा, चिकटलेला ब्रेक, उघडा अडकलेला थर्मोस्टॅट, थकलेला ऑक्सिजन सेन्सर.

एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर रबरी इंधन-पाइप आणि सील वर्षातून एकदा बघून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून अर्धी टाकी भरलेली गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका.

कंपनी बावीस सांगते आणि हिंजवडीच्या गर्दीत तेरा मिळतं, ही तक्रारही रोजची. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरावीक वेगाच्या चक्रात काढलेला असतो. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत वाकड पुलाची गर्दी नसते.

आणि कृपा करून कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, बंद तर मुळीच नको. गिअरमध्ये ठेवून पाय काढला की फ्यूएल इंजेक्शनच्या इंजिनात इंधन जवळजवळ पूर्ण थांबतं; न्यूट्रलमध्ये मात्र आयडलपुरतं जळतच राहतं. वाचत काही नाही, इंजिनचा ब्रेक मात्र हातचा जातो. इंजिन बंद केलंत तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. त्या उतारावर किती अपघात झालेत हे प्रत्येक पुणेकराला माहीत आहे.

सीएनजी गाडीला वेगळं काय सांभाळायचं?

प्लग आणि एअर फिल्टर लवकर बदला. सीएनजी पेटायला जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर ठीक वाटणारी कॉइल सीएनजीवर मिसिंग दाखवते. गाडी फक्त सीएनजीवर बिघडते की पेट्रोलवरही, हे सांगितलंत तर माझं अर्धं काम होतं. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर नोझल चिकटतात. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुती तपासणं) दर तीन वर्षांनी, ती टाळू नका.

बीएस ६ डिझेल. डीपीएफचा दिवा सारखा लागतो.

तुमची रोजची फेरी किती? कर्वेनगर ते डेक्कन, पाच किलोमीटर, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये? मग गाडीचा काही दोष नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या, म्हणजे बीएस ६ प्रदूषण नियमांच्या, डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, तीच डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच ती सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवून काजळी जाळते. त्याला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेग लागतो. शहरात ते मधेच तुटतं.

दिवा लागल्या-लागल्या बाह्यवळण महामार्गावर जा, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. दुर्लक्ष केलंत तर गाडी ताकद कमी करते आणि मग कंपनीच्या मशीनवरच गाळणी जाळावी लागते.

एक खूण लक्षात ठेवा. जाळण्याची क्रिया सारखी अर्धवट राहिली की जास्तीचं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर आनंद मानू नका, ऑइल पातळ झालंय, बदला. रोजचं फिरणं शहरातच असेल तर पुढची गाडी डिझेल घेऊ नका, असं मी ओळखीच्यांना स्पष्ट सांगतो.

ऑइलचा लाल दिवा लागला, पण गाडी छान चालत होती.

लगेच बंद करा. चौकातून कडेला घ्या आणि बंद. हा दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाबाशिवाय बेअरिंग मिनिटाभरातही खराब होतात. सोसायटीच्या उंच गतिरोधकावर किंवा दगडावर इंजिनखालचा ऑइलचा चेंबर आपटला असेल तर खाली वाकून गळती बघा. सपाट जागी, पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घालून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असेल आणि तरीही दिवा लागत असेल तर टो करा.

एरवीही पंधरा दिवसांतून एकदा डिपस्टिक बघायची सवय लावा. डिझेलचं ऑइल लगेच काळं होतं, ते बरोबर आहे. हजार किलोमीटरमागे अर्धा लिटरहून जास्त घालावं लागत असेल तर दाखवायला आणा. वरच्या खुणेच्या वर भरू नका. आणि नाना पेठेतून स्वस्त फिल्टर आणताना पक्कं बिल मागा, नकली फिल्टरच्या आत कागद नावापुरता असतो.

इंजिनमधून आवाज येतो. कसला, ते कसं सांगू?

मोबाइलवर रेकॉर्ड करा: एकदा गार असताना, एकदा तापल्यावर. सकाळी टिकटिक येऊन दोन मिनिटांत थांबते ती बहुधा टॅपेटची. पावसात सुरू करताना 'चीं' वाजतं तो फॅन बेल्ट. चढावर वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर खडखड येते ते नॉकिंग, आधी गिअर उतरवा. सुरू करताना दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन सैल झालीय, पुढे ढकलू नका. आणि आरपीएमसोबत वाढणारी खोल 'धाड-धाड' ऐकू आली तर ती कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. बंद करा.

तुमच्या गाडीत चेनऐवजी टायमिंग बेल्ट असेल तर मॅन्युअलमधल्या किलोमीटरला तो बदलाच. तो तुटण्याआधी आवाज देईलच असं नाही, आणि तुटला की बहुतेक इंजिनांत वाल्व्ह पिस्टनवर आदळतात.

पार्किंगमध्ये पाणी शिरलं. उतरल्यावर सुरू करून बघू का?

नाही. या उत्तरासाठी हवं तर बाकीचं सगळं विसरा.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा चढला तेव्हा, आणि २५ जुलै २०२४ ला आमच्याच सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेचं पाणी आलं तेव्हा, नंतरचे कित्येक दिवस गॅरेजं भिजलेल्या गाड्यांनी भरली होती. त्यातल्या ज्या गाड्यांना मालकांनी हात लावला नाही त्यांची इंजिनं वाचली. ज्यांनी "चालू होते का बघू" म्हणून एकदा सेल्फ मारला, त्यातल्या बऱ्याच जणांचे रॉड वाकले. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी असलं आणि पिस्टन वर आला की काहीतरी मोडणारच.

पाणी उतरल्यावर आधी पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. बॅटरीचा मायनस काढा. गाडी ओढत नेऊ नका, फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या टो-ट्रकवर) चढवा. गॅरेजमध्ये एअर फिल्टर उघडतात. तो कोरडा असेल तर निम्मी चिंता गेली. ओला असेल तर प्लग किंवा नोझल काढून इंजिन हाताने फिरवतात, पाणी बाहेर काढतात, ऑइल आणि फिल्टर बदलतात, थोडं चालवून पुन्हा बदलतात. साध्या सर्वसमावेशक विम्यात पाण्यात गाडी सुरू केल्यामुळे झालेलं इंजिनचं नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. नदी-ओढ्याकाठी राहत असाल तर ते घ्या.

साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली तरी हेच लागू. पुन्हा सेल्फ नाही, ढकलत बाहेर काढा. हवा ओढायचं तोंड बऱ्याच गाड्यांत हेडलाइटच्या आसपासच्या उंचीवर असतं, आणि समोरून पीएमपीची बस आली की तिच्या लाटेने पाणी तिथवर सहज पोचतं.

पावसाळ्याआधी काचेच्या खालची जाळीही साफ करा. गुलमोहर-सोनमोहोराखाली लावलेल्या गाडीत पाकळ्या आणि पानं तिथे तुंबतात, पाणी वाट शोधत फ्यूज बॉक्सकडे येतं.

डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं.

चावी ऑनसुद्धा करू नका. पंपावरच ढकलून बाजूला घ्या, टाकी रिकामी करून घ्या. डिझेलचा हाय-प्रेशर पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पेट्रोलने तो खरवडतो आणि त्याचा कीस सगळ्या नोझलमध्ये जातो.

गॅरेजवाला म्हणतो इंजिन उतरवावं लागेल. खरंच गरज आहे हे कसं कळणार?

मोजमाप मागा. "धूर येतो म्हणजे बोअर झालं" हे पुरेसं नाही. कॉम्प्रेशन टेस्टचे (सिलिंडरमधला दाब मोजण्याच्या चाचणीचे) सगळ्या सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून घ्या. पेट्रोल इंजिनात ते साधारण दीडशे ते दोनशे पीएसआयच्या दरम्यान येतात. एकमेकांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त नसावा. जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर वाल्व्ह किंवा गॅसकेट. वाल्व्ह-गॅसकेटचं काम फक्त हेड उतरवून होतं, पूर्ण इंजिन खाली घ्यावं लागत नाही, आणि खर्चात मोठा फरक पडतो.

हेड उतरवलंच तर त्या दिवशी कामावरून अर्धा दिवस रजा घ्या आणि स्वतः जाऊन उभे राहा. बोअरच्या भिंतीवर उभे ओरखडे बोटाला लागतात का बघा. हेडवर सरळ पट्टी ठेवून ते वाकलंय का ते मेकॅनिकला दाखवायला सांगा. जुने भाग परत मागा, गोणीत भरून घरी न्या. माझ्याकडचे गिऱ्हाईक असं विचारतात तेव्हा मला राग येत नाही, मी स्टूल देतो आणि चहा मागवतो.